पहिली मूठ

रेजीन ओबेरची पांढरी गाडी जूनच्या अखेरीपासून कापणी होईपर्यंत रोज सकाळी आठच्या ठोक्याला दक्षिण फ्रान्समधल्या मानोस्कच्या चौकात उभी असायची. आठ माणसं मावतील एवढीच गाडी. मोठ्या बसवाल्यांचा तिला मनस्वी राग. "मेंढरं उतरवायची, फोटो काढू द्यायचे, पुन्हा भरायची. याला काय सहल म्हणतात?" असं ती तावातावाने सांगायची. तिची सहल म्हणे वेगळी, घरगुती, अस्सल. त्यावर आमच्या ब्रेगाल गावात लोक म्हणायचे, वेगळी कसली, मेंढरं तेवढी कमी.

रेजीन अठ्ठावन्न वर्षांची, थोराड हाडापेराची आणि तोंडाने फटकळ. वीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. पोरं कमी झाली, शाळा बंद पडली, बस गेली. नवरा होता, तो ग्रनोब्लला नोकरीला म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. त्याबद्दल तिला विचारायची कुणाची छाती नव्हती. मग एका उन्हाळ्यात रस्ता चुकलेल्या दोन बेल्जियन बायका तिच्या दारात आल्या. तिची आई, लेओनी, त्या वेळी घरापुरतं लव्हेंडर विळ्याने कापत होती. त्या दोघी बांधावर बसल्या त्या दोन तास उठल्याच नाहीत. रेजीनच्या डोक्यात तिथेच सहलीची कल्पना शिरली.

"कामाचा तमाशा बघायला लोक येतात?" लेओनी म्हणाली होती.

"येतात, आई. आणि टाळ्याही वाजवतात."

"टाळ्या वाजवायला रिकामे हात लागतात," म्हातारी म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून नवा एप्रन बांधला.

अकरा वर्षं ती सहल चालली. मधवाल्याच्या पेट्या, ओनोरेची अर्काची भट्टी, अक्रोडाखाली जेवण, शेळीचं चीज, ऑलिव्हची चटणी, पाव, आणि शेवटी लेओनीचं वावर. खरं म्हणजे लोक त्या शेवटासाठीच यायचे. गवती टोपी, खांद्यावरून तिरकी बांधलेली तागाची झोळी, हातात विळा. म्हातारी आधी तीन फुलं तोडून तळहातावर चुरडायची, फुंकर मारायची, वास घ्यायची आणि वावराला म्हणायची, "चल, तयार आहेस." मग खाली वाकायची. डाव्या हाताने मूठ धरायची, उजव्याने कापायची आणि मूठ न बघता मागे झोळीत सोडायची. ऐंशीच्या पुढची बाई, पण ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत कंबर सरळ करायची नाही.

ओळ संपली की गोष्ट. लेओनी नऊ वर्षांची असल्यापासून आईबरोबर पठारावरच्या लोकांच्या वावरात मजुरीने कापायला जायची. गोठ्यात झोपायचं, पायरीवर बसून सूप प्यायचं. आणि एक रीत पाळायची. परक्या वावरात शिरलं की पहिली मूठ झोळीत टाकायची नाही, ती दोन्ही हातांनी मालकिणीला द्यायची. वावर तुमचं, हात आमचे, असा त्याचा अर्थ. पुढे लग्न झालं, रेजीन झाली, तरी लेओनी मजुरीला जातच होती. रेजीन सहा वर्षांची झाल्यावर कुठे तिने आणि नवऱ्याने ल्यूर डोंगराच्या पायथ्याशी हे बावीस ओळींचं वावर घेतलं. "हे माझं," म्हातारी विळ्याने भोवताली दाखवत म्हणायची. "इथे पहिली मूठ मी कुणाला देत नाही." आणि एखादा प्रवासी विळा हातात घेऊन धडपडला की त्याला सुनवायची, "अरे, असा विळा धरतोस, तुला बायको कुणी दिली?" रेजीन त्याला सांगायची, "आई म्हणते, फार छान प्रयत्न केलात."

चार वर्षांपूर्वी लेओनी विसरायला लागली. आधी चुलीवरचं दूध, मग बुधवार की रविवार, मग माणसं. मुलगा सर्ज मार्सेयहून आला की ती त्याला आपल्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारायची. काही दिवस रेजीनकडे टक लावून बघायची आणि विचारायची, "कोण गं तू?" रेजीन सांगायची, "मी रेजीन." म्हातारी ओशाळी हसायची, "माहितेय की." ते हसणं रेजीनला रडण्यापेक्षा वाईट वाटायचं.

अजून शुद्धीत होती तेव्हाच म्हातारीने मुलीकडून वचन घेतलं होतं. स्वयंपाकघरात, बटाटे सोलता सोलता.

"मला त्या खालच्या म्हाताऱ्यांच्या घरात टाकू नकोस."

"काहीतरीच काय बोलतेस."

"नीट ऐक. मी तुला ओळखणार नाही एक दिवस. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पण मी वावर ओळखीन. तोवर मला इथून हलवायचं नाही. म्हण."

रेजीनने म्हटलं. बटाट्याचं साल हातात धरून तिने आईला शब्द दिला.

सर्जचंही म्हणणं वेगळं नव्हतं. वाईट माणूस नव्हे तो. बंदरावर पाळ्या करून थकलेला, बहिणीची काळजी करणारा. नाताळात आला तेव्हा त्याने स्पष्ट सांगितलं, "तुझे हाल मला दिसतात. घर ओळखते तोवर ठेव. ज्या दिवशी ती आपल्याच घरात परकी झाली, त्या दिवशी मी त्या म्हाताऱ्यांच्या घराचे कागद आणीन आणि तू सही करशील." रेजीन म्हणाली, "तो दिवस यायचा नाही." तिच्याकडे तसं म्हणायला कारण होतं. घरात म्हातारीला चमचा सापडायचा नाही, पण हातात विळा दिला आणि तळहातावर तीन फुलं चुरडली की तिचे डोळे स्वच्छ व्हायचे. त्या दोन तासांत ती सगळ्यांना ओळखायची. "रेजीन, त्या टोपीवाल्याला बाजूला कर, माझ्या ओळीत उभा आहे," अशी खणखणीत हाक यायची आणि रेजीन ती हाक दिवसभर पुरवून पुरवून वापरायची.

पण वावरच मरत होतं. एक बारीकसा किडा येतो, रस शोषतो आणि जाताना रोग देऊन जातो. झुडूप पिवळं पडतं, मग राखाडी, मग हात लावला की मोडतं. आमच्याकडे निम्म्या लोकांची वावरं अशीच गेली. रेजीनच्या खालच्या अठरा ओळी दोन हिवाळ्यांत गेल्या. वरच्या बांधाजवळच्या चार ओळी तेवढ्या उरल्या.

तिला पुन्हा खरं लव्हेंडर लावता आलं असतं, हे सांगून टाकलेलं बरं. बियाणं होतं, रोपं मिळत होती. पण त्याला वेळ लागतो, आणि खऱ्या लव्हेंडरचं वावर फोटोत काही खास दिसत नाही. प्रत्येक झुडूप आपल्या रंगाचं, कुठे निळसर, कुठे फिकट, ठिगळं लावल्यासारखं. अलीकडे प्रवासी गाडीतून उतरून तोंड वाकडं करायचे. "एवढंच? चित्रात तर जांभळा समुद्र होता." जांभळा समुद्र म्हणजे खेचर. आमच्याकडे त्या संकर जातीला खेचरच म्हणतात, कारण ती बी धरत नाही. झुडूप मोठं, गोल, सगळी एका रंगाची, एका मापाची. वास दणदणीत, पण त्यात कापराची झाक असते. त्याचा अर्क साबणात आणि फरशी पुसायच्या पाण्यात जातो. रेजीनने त्या अठरा ओळींत खेचर लावलं.

ओनोरे, भट्टीवाला, तिच्याच वर्गातला. तो बांधावर येऊन उभा राहिला.

"म्हातारीला सांगितलंस?"

"तिच्या चार ओळी आहेत वर. तिथेच कापेल ती."

"आणि त्या गेल्या तर?"

"तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ओनोरे. पाच पावलांपलीकडे दिसत नाही तिला."

"लव्हेंडर डोळ्यांनी कोण ओळखतं, बाई?" ओनोरे म्हणाला. "आठ वर्षं पाहुण्यांबरोबर हिंडून तूसुद्धा पाहुणी झालीस की काय?"

ती त्याच्यावर खेकसली. गाडी चालवणाऱ्या बाईला शहाणपण शिकवू नकोस म्हणाली. पण तिची चूक तीच होती आणि ओनोरेने ती अगदी नेमकी सांगितली होती. लव्हेंडर हे बघण्यासाठी असतं, हे तिच्या नकळत तिच्या हाडीमासी मुरलं होतं.

खेचर तिसऱ्या वर्षी भरात आलं. त्याच हिवाळ्यात वरच्या चार ओळीही राखाडी पडल्या. मार्चमध्ये, म्हातारी दुपारी झोपलेली असताना, रेजीनने त्या उपटल्या. मुळं हलकी झाली होती, फार जोर लावावा लागला नाही.

जुलैतला दुसरा गुरुवार. गाडीत सहा जण. एक डच दंतवैद्य आणि त्याची बायको, लियों शहरातल्या तीन मैत्रिणी, आणि क्वेबेकचा एक तरुण, गळ्यात भलामोठा कॅमेरा. वावर दिसताच लियोंच्या बाया चीत्कारल्या. बावीसच्या बावीस ओळी नव्हत्या, पण अठरा ओळी जांभळ्या पेटल्या होत्या. रेजीनला क्षणभर बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. मग तिने आईला हाताला धरून आणलं.

"आज कुठून सुरू करायचं?" लेओनीने विचारलं. त्या दिवशी तिची तब्येत चांगली होती. सकाळी तिने रेजीनला नावाने हाक मारली होती.

"इथूनच, आई. आज खालची ओळ."

म्हातारीने तीन फुलं तोडली, तळहातावर चुरडली, फुंकर मारली आणि हात नाकाशी नेला. कॅमेरा खटखटत होता. तिने हात खाली केला, पुन्हा वर नेला. मग वाकून एक दांडा बोटांनी चाचपला. खऱ्या लव्हेंडरच्या दांड्याला एकच तुरा असतो. या दांड्याला तीन होते. तिने ते बोटांनी चाचपून मोजले. "चल, तयार आहेस," असं ती म्हणाली नाही.

रेजीन बघत होती. आईचे खांदे हळूहळू उतरले. मान जरा खाली गेली. चेहऱ्यावर एक अदब आली, जी रेजीनने तिच्या तोंडावर आयुष्यात पाहिली नव्हती. लेओनी वाकली, एक मूठ धरली, कापली. झोळीत टाकली नाही. वळून दोन्ही हातांनी ती रेजीनच्या पुढे धरली.

"मालकीणबाई," ती म्हणाली, "पहिली मूठ."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. रेजीनने गाडीत सांगितलेली रीत प्रत्यक्ष बघायला मिळाली म्हणून डच दंतवैद्य तर भारावूनच गेला.

"आई, हे आपलं वावर आहे. तुझं."

"थट्टा नका करू हो बाई गरिबाची," लेओनी नम्रपणे म्हणाली. "घ्या ना. हात भरून येतो धरून धरून."

रेजीनने मूठ घेतली. दुसरं काय करणार, सहा जण बघत होते. म्हातारी पुन्हा वाकली आणि ओळीच्या टोकापर्यंत कापत गेली. त्या दिवशी तिने कुणाचीही खिल्ली उडवली नाही.

पाहुण्यांना मानोस्कला सोडून रेजीन सातला परत आली तेव्हा लेओनी बाहेरच्या पायरीवर बसली होती. झोळीत तिने एक फडकं, पावाचा तुकडा आणि विळा बांधून ठेवला होता.

"आत चल, आई. सूप गरम करते."

"इथेच द्या. आमचं इथेच बरं." मग म्हणाली, "मजुरांची गाडी कधी सोडणार बाई? घरी पोर एकटी आहे माझी."

ती पोर कोण, हे रेजीनला विचारावं लागलं नाही. पाच वर्षांची असताना रेजीन खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायची. आई पठारावर कापायला गेलेली. जाताना सांगून गेलेली की विस्तवाकडे जायचं नाही, विहिरीकडे जायचं नाही, पाव झाकणाखाली आहे. संध्याकाळी झोळी खांद्यावर घेऊन आई वळणावर दिसली की ती पळत सुटायची. आईच्या अंगाला उन्हाचा आणि लव्हेंडरचा वास यायचा. आता त्याच पोरीसाठी म्हातारी रेजीनच्या पायरीवर ताटकळत बसली होती.

त्या दिवसापासून लेओनी घरात जेवायला येईना. पलंगावर झोपेना. मालकिणीच्या पलंगावर मजूर बाई कशी झोपेल? गोठ्यात जुनं गवत होतं तिथे जाऊन निजायची. रेजीनने उशी नेली, रजई नेली, शेवटी स्वतःही तिथेच गवतावर अंग टाकायला लागली. सकाळी म्हातारी तिला बघून दचकून उठून उभी राहायची आणि एप्रन झटकायची.

रविवारी रेजीनने सहल रद्द केली आणि एकटीच ल्यूर डोंगर चढून वर गेली. खडकांच्या सांदीत अजून रानटी, खरं लव्हेंडर उगवतं. बुटकं, फिकट, एक तुरा. तासभर खुडून तिने टोपी भरली. तिला वाटलं, वास घेतला की आई परत येईल. उतरताना ती दोनदा घसरली, गुडघा फुटला, पण टोपी तिने सांडू दिली नाही.

लेओनीने फुलं चुरडली, नाकाशी नेली, आणि तिचे डोळे खरोखरच स्वच्छ झाले. रेजीनचा जीव कानात गोळा झाला.

"हे आमचं," लेओनी म्हणाली.

"हो, आई! आपलं. आपलंच."

"हे माझ्या वावरातलं आहे." म्हातारीचा आवाज बदलला. "तुम्हाला कुठून मिळालं?" ती उठली. चार दिवसांची अदब गळून पडली. "माझ्या वावरात शिरलात? तुमचं एवढं मोठं आहे, डोंगराएवढं, तरी माझ्या बावीस ओळींवर डोळा? काय केलंत माझ्या वावराचं? माझी पोर होती तिथे. पोर कुठाय माझी?"

तिने टोपी रेजीनच्या अंगावर फेकली. रेजीन खाली बसून फुलं वेचत राहिली, कारण वर बघायची तिला लाज वाटत होती. एक शब्द खोटा नव्हता त्यातला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी लेओनी चालत निघाली. झोळी खांद्यावर, पायात घरातल्या सपाता. ओनोरेला ती पाच किलोमीटरवर, खालच्या डांबरी रस्त्यावर सापडली. सपाता कुठेतरी पडल्या होत्या. तळवे भाजून निघाले होते. "मी घरी चाललेय," ती म्हणाली. ज्या दिशेला चालली होती ती घरापासून लांब जाणारी होती. ओनोरेने तिला उचलून गाडीत घातलं. घरी आणून रेजीनच्या हवाली केलं.

सर्ज आला. कागद आणला. बहिणीला त्याने बोल लावला नाही. फक्त एकदा वावराकडे बघून म्हणाला, "सुंदर दिसतंय." रेजीनने त्याच टेबलावर सही केली जिथे बटाटे सोलले होते.

त्या वर्षी उरलेल्या सहली रेजीनने केल्या, आरक्षणं झालेली होती. कापणी ती स्वतःच दाखवायची. पहिली मूठ तिने कुणाला दिली नाही आणि झोळीतही टाकली नाही. ती बांधावर ठेवून द्यायची. कुणी विचारलं तर म्हणायची, रीत आहे. कसली, ते सांगायची नाही.

खालच्या गावातलं ते घर स्वच्छ आहे. माणसंही बरी आहेत. रोज सकाळी एक बाई बादली घेऊन लांबलचक मार्गिका पुसते, आणि मार्गिकाभर खेचराचा वास पसरतो. रेजीन पहिल्यांदा आत शिरली तेव्हा दारातच भिंतीला धरून उभी राहिली. हे तिच्या वावरातलं नसेलही. असेलही.

ती दर रविवारी जाते. लेओनी खिडकीजवळ बसलेली असते, मांडीवर झोळी. विळा काढून घेतला आहे, झोळी राहू दिली आहे. एप्रिलमधल्या एका रविवारी तिने टेबलावरच्या फुलदाणीतली चार कागदी फुलं उपसली आणि दोन्ही हातांनी रेजीनच्या पुढे धरली. रेजीनने ती घेतली. आताशा ती "आई" म्हणत नाही. म्हटलं की म्हातारी घाबरते.

"फार मोठं वावर आहे तुमचं, मालकीणबाई," लेओनी नाक वर करून म्हणाली. "वास संपतच नाही. कापणी कधी उरकायची?"

"उरकत आली."

"नाही, म्हणजे पोर वाट बघत असेल."

रेजीनने फुलं मांडीवर ठेवली. "मी जाऊन आले तिकडे," ती म्हणाली. "तुमच्या घरी. पोर बरी आहे. पाव खाल्लाय तिने."

"खाल्ला?" म्हातारीचा चेहरा उजळला. "विस्तवाजवळ नाही ना गेली?"

"नाही."

"जायची नाही. गुणाची आहे हो फार." लेओनीने झोळीची गाठ बोटांनी चाचपून घट्ट केली, आणि मालकिणीला आपल्या लेकीचं कौतुक सांगावं की नाही अशी जरा थांबली. मग सांगितलंच. "एकटी असली तरी मला काळजी नसते बघा. मला विचारल्याशिवाय वावरातलं एक रोपसुद्धा उपटायची नाही ती."